मापाचे पलंग

आमच्या घरात कोण कुठे झोपतं त्यावरून ज्याची त्याची पत ठरायची. आई-पप्पा बाहेरच्या खोलीत, कारण पप्पांना पाळीप्रमाणे अवेळी उठून जावं लागायचं, आणि शिवाय टीव्ही तिथे होता. आम्ही तिघं भावंडं आतल्या खोलीत जमिनीवर, तीन गाद्या एकीला एक भिडवून. भिंतीकडे ताई, दाराकडे मंगेश म्हणजे आमचा मंग्या, आणि मध्ये मी. भिंतीकडची जागा सगळ्यात मानाची, कारण भिंत निदान लाथा मारत नाही. मंग्या मारायचा. तो झोपेत रोज कुठेतरी पळत असायचा आणि त्याच्या वाटेत नेमकी मी यायचे. ताई लाथा मारत नसे, पण झोपेत सगळी गोधडी ओढून घ्यायची आणि सकाळी ‘मी? शक्यच नाही’ असं तोंड करून बसायची. नाशिकच्या थंडीत एकीकडून लाथ आणि दुसरीकडून उघडं अंग, एवढाच मधल्या मुलीचा वारसाहक्क होता आणि तो मी बरीच वर्षं भोगला.

सकाळी आई येऊन पडदा सरकवायची आणि कोणाला न विचारता गाद्या गुंडाळायला लागायची. आत माणूस असला तरी. मंग्या एकदोनदा गादीसकट गुंडाळला गेलाय आणि तिथेही झोपलाय. गाद्यांची चवड लोखंडी पेटीवर रचायची, वर फुलाफुलांची चादर टाकायची, की ती खोली दिवसभर सभ्य माणसांची वाटायची. पाहुणे त्या चवडीला टेकून चहा प्यायचे. आपण कशाला टेकलोय, काल रात्री त्यावर कोणाची लाळ गळली होती, याची त्यांना कल्पना नसे. बाहेर सातपूरच्या कारखान्यांचे भोंगे आणि आत आईच्या कुकरच्या शिट्ट्या साधारण एकाच वेळी सुरू व्हायच्या. लहानपणी मला वाटायचं, कारखान्यातही वरण-भातच शिजतोय आणि पप्पा तो ढवळायला जातात. 

पप्पा एका कारखान्यात टूलरूमला होते. टूलरूम म्हणजे जिथे केसाएवढा फरकही चालत नाही ती जागा. त्यामुळे पप्पांना बाहेरच्या जगाचा कायम राग यायचा, कारण बाहेरचं जग पाहिलं तर सगळीकडून तिरकंच आहे. त्यांच्या शर्टाच्या खिशात स्टीलची टेप असायची. लग्नात, बारशाला, दवाखान्यात, कुठेही. आजोबांच्या दहाव्याला रामकुंडावर गुरुजी मंत्र म्हणत होते, काका डोळे पुसत होते, आणि पप्पा वाकून पायऱ्यांची उंची मोजत होते. ‘दोन पायऱ्या सारख्या नाहीत,’ असं त्यांनी गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि दक्षिणा जास्त मागितली. घरात एखादी गोष्ट बिघडली की पप्पा ती दुरुस्त करायच्या आधी मोजायचे, आणि मोजून झाली की त्यांच्या मते निम्मं काम झालेलं असायचं. चुकलं हा शब्द मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांच्या बाबतीत हजारदा ऐकला होता.

पलंगांचं महाभारत सुरू झालं ते ताईच्या नाकावरून. ती तेव्हा दहावीत होती. चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री मंग्या मला ओलांडून पलीकडे पोचला आणि त्याची टाच ताईच्या नाकावर बसली. रक्त आलं. ताईने नाकात कापूस घालून पेपर लिहिला, आणि घरी येऊन जाहीर केलं की पलंग आणला नाही तर ती दहावीच्या परीक्षेला बसणार नाही. आमच्या वस्तीत दहावीच्या मुलीला पहिल्या खेपेच्या बाळंतिणीसारखं जपत. तिला दूध, तिला शांतता, तिच्यासाठी शेजारचेही टीव्ही हळू करत. आईने त्याच रविवारी सगळ्यांना तयार केलं आणि आम्ही पलंग बघायला गंगापूर रोडला गेलो.

गंगापूर रोडला तेव्हा नवीन नवीन दुकानं उघडत होती, काचेच्या दारांची, आत पाऊल टाकताच थंडगार. दुकानदाराने आम्हाला मुलांच्या खोलीचं फर्निचर दाखवलं: एकावर एक दोन पलंग, चढायला शिडी, कडेला कार्टूनची चित्रं. मंग्या लगेच वर चढला आणि उतरायला तयार होईना. पप्पांनी पलंगाला ‘टक टक’ वाजवलं. मग ते खाली वाकले, मग आडवे होऊन पलंगाखाली गेले. नुसते त्यांचे पाय बाहेर. दुकानातला टाय लावलेला मुलगा त्या पायांशी अदबीने बोलत राहिला. पप्पा बाहेर आले ते हातावरचा भुसा झटकत. आत खिळे मारलेत, म्हणाले, आणि खिळा हा जोड नव्हे, ती तडजोड आहे. मग किंमत ऐकली आणि आम्हाला कोपऱ्यावरच्या गाड्यावर मिसळ खायला घेऊन गेले. मंग्याला मिसळ तिखट लागली म्हणून तो रडला, ताई पलंग नाही म्हणून रडली, आणि मी दोघांचे पाव खाल्ले.

पुढच्या रविवारी देवळाली कॅम्प. आईला कोणीतरी सांगितलं होतं की कॅम्पच्या बाजारात एक भंगारवाला फौजेच्या जुन्या लोखंडी खाटा विकतो, मजबूत आणि स्वस्त. खाटा खरंच मजबूत होत्या. एकसारख्या, हिरव्या, ओळीत उभ्या. आईने एकीवर बसून बघितलं, हाताने दाबून बघितलं आणि तीन घेऊन टाका म्हणाली. पप्पा मात्र एका खाटेवर आडवे झाले, चपला काढून, हात पोटावर ठेवून, बराच वेळ. त्यांचे पाय खाटेच्या शेवटापर्यंत पोचत नव्हते. भंगारवाला विडी ओढत उभा होता. तो म्हणाला, “फौजी नाप है साब. आपको तो बडाही पडेगा.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पप्पा एकदम उठले आणि चपला घालून चालायला लागले. आम्ही मागे पळालो. आईने मला बसमध्ये सांगितलं ते मला आधीच माहीत होतं, कारण दर दिवाळीत फराळाला बसल्यावर पप्पा ती गोष्ट सांगायचेच: गावाहून आल्यावर ते याच कॅम्पात तोफखान्याच्या भरतीला उभे राहिले होते. धावण्यात पहिल्या काही जणांत आले, छाती मापात बसली, डोळे पास झाले, आणि उंचीच्या पट्टीखाली उभं केल्यावर एका बोटाने बाद झाले. दिवाळीत सांगताना ते हसत सांगायचे आणि वर चकली मोडायचे. त्या दिवशी बसमध्ये ते हसत नव्हते. सातपूर आल्यावर उतरता उतरता ते म्हणाले की पलंग ते स्वतः बनवतील, आणि ज्याच्या त्याच्या मापाचे बनवतील. सगळ्यांना एकच माप ही काय पद्धत झाली.

आता मी तेव्हाच्या पप्पांपेक्षा वयाने मोठी आहे आणि मला तो बसमधला माणूस चांगला समजतो. तेव्हा समजला असता तर पुढची तीन वर्षं मी जरा कमी चिडले असते. पण कमी चिडणं हा माझा स्वभाव नाही, तेव्हा जे झालं ते झालं.

मग दोन आठवडे घरात नुसतं मोजमाप चाललं. आतली खोली दहा बाय आठ. एका कोपऱ्यात भिंतीतलं कपाट, दुसऱ्या बाजूला दार, समोर खिडकी. पप्पांनी कागदावर खोलीचा नकाशा काढला, वरून कशी दिसते, समोरून कशी दिसते, कडेने कशी दिसते. आम्हा तिघांना भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि डोक्यावर काटकोन मापायचा गुण्या धरला. आईने एकच अट घातली, कोणाचेही पाय दक्षिणेकडे यायला नकोत, ती यमाची दिशा. पप्पांचा यमावर विश्वास नव्हता, पण आईवर होता, त्यामुळे नकाशा फिरवावा लागला. त्यांनी पंख्याचा विचार केला, वरच्या पलंगावरून हात लागू नये म्हणून छताचा पंखा काढून भिंतीवर बसवायचं ठरवलं. खिडकीच्या झडपेचा विचार केला. झुरळांचा विचार केला. एवढा सगळा विचार करून शेवटी जे ठरलं ते असं: लांब भिंतीला एकावर एक दोन पलंग. खालचा ताईचा, त्याच्या पायथ्याशी तिच्या पुस्तकांची मांडणी, म्हणजे झोपायला साडेपाच फूट, आणि ताई होती पाच-एक. वरचा अख्खा, सव्वासहा फुटांचा, तो मंग्याचा. आणि कपाट आणि दार यांच्यामध्ये जी जागा उरली तिथे तिसरा, पाच फुटांचा. तो माझा.

मंग्या तेव्हा आठ वर्षांचा होता. पाटावर उभा राहिला तर ओट्यावरचा डबा हाताला यायचा, एवढाच. मी अकरा वर्षांची, त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. मी विचारलं, “पप्पा, मी वाढले तर?”

पप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली. आपल्या घरातल्या बायका केवढ्या आहेत ते बघ, म्हणाले. आई पाच फूट, आत्या पाच फूट, ताईची वाढ तर संपलीच. माझ्या वाढीसाठी त्यांनी चार इंच सोडले होते, हिशोबाने. मुलाचं तसं नसतं, मुलगा वाढतो. आणि मग ते म्हणाले, “तू काय जन्मभर इथेच झोपणार आहेस का?”

सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत असताना न हसणारी मुलगी आमच्याकडे आगाऊ ठरायची. पण मला फार लागलं ते. माझी या घरातली मुदत कोणीतरी लोखंडात ओतून ठेवतंय असं वाटलं. रात्री मी गादीवर पाय ताणून ताणून झोपले, जणू पाच फुटांच्या पुढची जागा आताच वापरून घ्यायची होती.

सातपूरला पप्पांचे मित्र रशीदचाचा यांची छोटीशी शेड होती. तिथे सुट्टीच्या दिवशी पप्पा आणि ते मिळून लोखंडी अँगल कापायचे, जोडायचे, घासायचे. मी डबा घेऊन जायचे. वेल्डिंगकडे बघायचं नाही असं सांगितलं होतं म्हणून मी बघायचे आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. पलंग झाले मात्र देखणे. मशीनला लावतात तसला हिरवा रंग, कोपरे घासून गोल केलेले, कुठे एक टोक अंगाला लागणार नाही. टेम्पोतून आले तेव्हा गल्ली जमली. पप्पांनी ते भिंतीत बोल्ट मारून बसवले, वर पाण्याची लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये आला, आणि पप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी माझ्या लग्नातही पाहिला नाही. आईने पलंगांना हळदकुंकू लावलं. ताईने जुन्या साडीचा पडदा करून आपलं संस्थान वेगळं केलं. आणि पहिल्या रात्री, खरं सांगायचं तर, आम्ही तिघंही झोपलो नाही, कारण कोणी कोणाला लाथ मारत नव्हतं आणि त्याची सवय नव्हती.

मंग्याच्या पलंगाच्या टोकाला पप्पांनी एक जास्तीची गोष्ट केली होती. छताजवळ एक आडवा पाइप, बोल्टने पक्का बसवलेला. रोज सकाळी मंग्याने त्याला लोंबकळायचं, उंची वाढते. शिवाय भिजवलेले हरभरे, बदाम, आणि सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध. मंग्या वटवाघळासारखा लटकून रडायचा. त्याला दूध आवडायचं नाही, साय तर बघूनच ओकारी यायची. आई वळली की तो पेला वरून खाली द्यायचा आणि मी तो रिकामा करून परत वर द्यायचे. हरभरेही तसेच. बदाम तो स्वतः खायचा, बदामाला कोण नाही म्हणेल. अशा रीतीने पप्पांनी मुलाच्या उंचीवर जो काही खर्च केला तो सगळा माझ्या हाडांत गेला. याबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. साय तर मला आजही आवडते.

मी वाढायला लागले ती सातवीच्या सुट्टीत. आधी पायजमे आखूड झाले, मग बाह्या, मग शाळेत रांगेत मी मागे मागे जात जात शेवटी भिंतीला टेकले. पलंग तेवढाच. पायथ्याशी आडव्या सळ्या होत्या, त्यांना तळवे टेकायला लागले. मग गुडघे दुमडावे लागले. मग एका रात्री कंटाळून मी पाय सळ्यांमधून बाहेर काढले आणि झोपले. ते दाराच्या वाटेतच यायचे. सकाळी आई गाद्या आवरायच्या जुन्या सवयीने आत आली आणि माझ्या पायांवर आदळली. तिच्या हातातला चहा मंग्याच्या दप्तरात गेला. आईने मला पाय आत घे म्हणून दटावलं. पाय आत घेतले तर डोकं कपाटाला लागायचं. मी अंगाचं मुटकुळं करून झोपायला शिकले. आज आमच्याकडे सहा बाय साडेसहाचा पलंग आहे, वर महागडी गादी आहे, आणि मी अजूनही त्याच्या एका कोपऱ्यात तशीच झोपते. नवऱ्याला वाटतं मी त्याच्यावर रागावलेय. कधी कधी असतेही, पण त्याचा झोपण्याशी संबंध नाही.

एकदा मामा आला. तो मखमलाबादकडे भाजीपाला करायचा. मार्केटला माल टाकून परत जाताना उरलेली वांगी-टोमॅटो आमच्याकडे ओतून जायचा. तो पोचला तेव्हा मी तापाने दुपारी झोपले होते आणि माझे पाय सळ्यांतून बाहेर होते. त्याने ते निरखून बघितले. मग पप्पांना म्हणाला, “दाजी, मांडव छोटा केला म्हणून येल थांबत नाय. पोरगी लय वाढली. हिला काय ह्यात मावायची सोय नाय राहिली.”

पप्पांना ते फार झोंबलं. मामा जाताच त्यांनी टेप काढली आणि माझा पलंग मोजला. लांबी, रुंदी, कर्ण, सगळं. मोजून झाल्यावर ते आईला म्हणाले की पलंग बरोबर आहे, सुतासारखा, पाच फूट म्हणजे पाच फूट. चूक पलंगात नाही. हे ऐकून मी त्या तापातही उठून बसले, कारण चूक पलंगात नसेल तर ती कोणात आहे ते सांगायची गरज नव्हती.

आईची काळजी निराळी. तिला माझे पाय दिसत नसत, त्या पायांच्या पुढे उभा असलेला, किंवा नसलेला, जावई दिसायचा. एवढ्या उंच मुलीला मुलगा कुठून आणायचा. तिने मला सपाट चपला आणल्या, केस वर बांधू नको म्हणाली, जरा वाकून चालत जा म्हणाली. एवढंच काय, माझ्या ताटातला भातही कमी केला होता मध्यंतरी. पुढे तिला जावई मिळाला तो माझ्यापेक्षा दोन बोटं कमी, आणि लग्नाच्या फोटोत तिने त्याला पाटावर उभं केलं.

मी पप्पांना सरळ विचारलं, मंग्या आणि मी पलंग बदलू का. मंग्या अकरा वर्षांचा झाला होता आणि सव्वासहा फुटांत डब्यात एकच लाडू उरावा तसा घरंगळत होता. दोन्ही पलंग घरातलेच, एक पैसा खर्च नाही, फक्त उशा इकडच्या तिकडे. पप्पा म्हणाले, “नाही. तो वाढेल.” मी म्हटलं, तो वाढेल तेव्हा परत बदलू. ते पेपर वाचायला लागले. मला तेव्हा वाटलं की त्यांना माझ्यापेक्षा लोखंड प्रिय आहे. रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. जेवली नाहीस तर वाढणार नाहीस, चांगलंच आहे, असं ताई म्हणाली, आणि मग तिच्याशीही भांडले.

मार्ग मंग्यानेच काढला. पप्पांना महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी असायची. त्या आठवड्यात ते जेवून डबा घेऊन निघाले की मंग्या खाली यायचा आणि मी वर जायचे. सकाळी त्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की आवाज ओळखू यायचा, तिचा सायलेन्सर फुटका होता. आवाज आला की आम्ही दोघं झोपेतच उठून जागा बदलायचो आणि परत झोपायचो. आईला माहीत होतं. तिला दिसायचं, आणि ती दिसत नसल्यासारखं करायची, जे ती फार सुंदर करायची. त्या आठवड्याची मी सणासारखी वाट बघायचे. वरच्या पलंगावर आडवं झालं की आधी डोकं टेकायचं, मग पाठ, मग हळूहळू पाय सोडत जायचं, आणि कुठेच काही लागायचं नाही. मला आठवतं, पहिल्या वेळी मला हसू आलं होतं. आपण एवढ्या मोठ्या आहोत हे मला उभी असताना कधी जाणवलंच नव्हतं.

आणि मग एका सकाळी स्कूटर पंक्चर झाली. पप्पा ती कारखान्याजवळच लावून दुसऱ्या कोणाच्या तरी मागे बसून गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तिथून चालत घरी. आवाज आलाच नाही.

मला जाग आली ती टाचेला काहीतरी गार लागलं म्हणून. टेपची पट्टी. मी डोळे घट्ट मिटून घेतले. पप्पा शिडीवर उभे होते, त्यांच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. पट्टी टाचेपासून डोक्यापर्यंत गेली, थांबली, परत एकदा गेली. मग ‘सट्’ असा आवाज करून आत गेली. ते उतरले. माझ्या, म्हणजे पाच फुटांच्या, पलंगावर मंग्या हातपाय पसरून घोरत होता. त्याच्या पायांपुढे अजून रिकामी जागा होती. पप्पांनी तीही मोजली. मग बाहेर गेले आणि बराच वेळ नुसता बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत राहिला.

पोहे खायला आम्हाला सगळ्यांना बाहेर बोलावलं गेलं. पप्पांनी विचारलं, किती दिवस चाललंय हे. ताईने लगेच सांगितलं की तिला काही माहीत नाही, ती अभ्यास करत असते. मी म्हटलं, तुमच्या रात्रपाळीला, दर वेळी. माझी तयारी होती. मार खाल्ला असता तरी मी त्या दिवशी माझी बाजू सोडणार नव्हते, मनात सगळी वाक्यं तयार होती. पण पप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. ते मंग्याला म्हणाले, “हिने दमदाटी केली का तुला?”

मंग्या पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होता. तो तसा बोलणारा मुलगा नव्हता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “मीच म्हटलं तिला. पप्पा, तो पलंग मला लय मोठा होतो. सकाळी उठलो की पायाकडं रिकामी जागा दिसते. तुम्ही पण तीच बघता, मला माहितीये. मी नाही वाढणार तेवढा. मला खाली झोपू द्या ना.”

आईचा झारा कढईत थांबला. मी आजवर फक्त माझ्या पायांचा विचार केला होता. मंग्याला त्याच्या पलंगाचं काय वाटतं हे मी कधी विचारलंच नव्हतं, मला तर तो राजासारखा झोपतो असं वाटायचं. माझी तयार वाक्यं सगळी विरघळून गेली आणि मला त्याच्यासाठी रडू यायला लागलं. पप्पा बशीकडे बघत बसले. मग अगदी हळू म्हणाले, “तुला कोण म्हणालं वाढ म्हणून?”

उघड्या दारातून आतल्या खोलीतला तो आडवा पाइप सगळ्यांना दिसत होता. पप्पांनाही दिसला.

पोहे तसेच ठेवून ते उठले आणि पाना घेऊन आत गेले. एक बोल्ट लगेच निघाला, दुसरा गंजला होता. त्याला रॉकेल लावलं, वाट बघितली, परत पाना लावला. सगळं नेहमीसारखंच, नीट, घाई न करता. पाइप निघाल्यावर त्यांनी तो आईला दिला, मोरीत टॉवेल वाळत घालायला होईल म्हणाले. मंग्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग मला हाक मारली.

“स्वाते, वर चढ.”

मी चढले.

“झोप.”

मी झोपले, नेहमीसारखी, गुडघे पोटाशी घेऊन. अंगाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं, निदान त्यांच्यासमोर तरी.

“सरळ झोप. पाय लांब कर.”

मी पाय लांब केले. पप्पा पायथ्याशी उभे राहून बघत होते, आणि मी पहिल्यांदाच जागेपणी त्यांच्या डोळ्यांदेखत, भर दिवसा, पूर्ण लांबीची पडले होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं. “माप माझं चुकलं,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं, पण म्हणाले. मग त्यांनी माझ्या पायांपासून सळीपर्यंत टेप धरली. “अजून आठ इंच शिल्लक आहेत. वाढ तुला किती वाढायचं ते.”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अजून वाढवता का तिला? नवरा कुठून आणायचा मग?”

“नवरा नंतर बघू,” पप्पा म्हणाले. “आधी पोरीला पाय पसरून झोपू दे.”